गिरणीतलं संशोधन आणि अमेरिकेचा कर

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ट्युटोपोलिस नावाचं छोटं गाव आहे. तिथे सीमर मिलिंग ही गव्हाचं पीठ तयार करणारी जुनी गिरणी आहे, १८८२ पासूनची. या गिरणीने २०११ आणि २०१२ या वर्षांच्या करविवरणात सांगितलं, की गव्हाची नवी वाणं आणि पिठावर उष्णतेची प्रक्रिया यांवर आम्ही संशोधन केलं आहे, तेव्हा संशोधनाची करसवलत आम्हाला मिळावी. करखात्याने नकार दिला. प्रकरण टॅक्स कोर्टात गेलं आणि २०१९ साली गिरणी हरली.

हा निकाल वाचताना एक गोष्ट मनात राहते. गिरणीत कसलं आलंय संशोधन, असं न्यायालय कुठेही म्हणालं नाही. गिरणीत संशोधन होऊ शकतं, हे त्याने धरूनच चाललं. अडलं ते नोंदींवर. आधी काय ठाऊक नव्हतं, काय होईल असा अंदाज बांधला, तो तपासायला कोणते प्रयोग कोणत्या क्रमाने केले, त्यातून काय निघालं, हे दाखवणारे कागद पुरेसे नव्हते.

पीठ दळणाऱ्या कारखान्याला सरकारने करात सूट द्यावी का, आणि दिली तर कशाच्या बदल्यात, हा प्रश्न अमेरिका जवळजवळ पाऊणशे वर्षं सोडवते आहे. या काळात तिने चांगल्या कल्पना राबवल्या आणि मोठ्या चुकाही केल्या. २०२२ मधली चूक तर पुण्यापर्यंत पोचली.

आधी मुळातला प्रश्न घेऊ. धंदा एखाद्याचा, नफा त्याचा, मग त्याच्या संशोधनाचा भार इतर करदात्यांनी का उचलायचा?

शोध कुंपणात राहत नाही, म्हणून. अमेरिकेच्या उद्योगांची सुरुवातच याचं उदाहरण आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सूतकताईच्या यंत्रांत इंग्लंड सगळ्यांच्या पुढे होतं. ती यंत्रं बाहेर नेण्यावर बंदी होती आणि त्यांचे जाणकार कारागीर देश सोडून जाऊ नयेत असाही कायदा होता. डर्बीशायरमधल्या गिरणीत तयार झालेला सॅम्युअल स्लेटर नावाचा तरुण १७८९ मध्ये अमेरिकेच्या जहाजात बसला. सोबत एकही नकाशा नव्हता. यंत्राची रचना त्याच्या डोक्यात होती. ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट इथे मोझेस ब्राऊन या व्यापाऱ्याच्या भांडवलावर त्याने ती यंत्रं उभी केली. इंग्लंडने लावलेलं रोप अमेरिकेच्या अंगणात फळाला आलं.

दीडशे वर्षांनी अमेरिका दुसऱ्या बाजूला होती. डिसेंबर १९४७ मध्ये न्यू जर्सीतल्या बेल लॅब्समध्ये, म्हणजे बेल या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत, ट्रान्झिस्टर तयार झाला. त्याबद्दल बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली यांना १९५६ चं नोबेल मिळालं. बेलच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीने १९५२ पासून २५,००० डॉलर आगाऊ घेऊन त्याचे परवाने इतरांना दिले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने तो घेतला, आणि जपानमधल्या एका छोट्या कंपनीनेही. तीच पुढे सोनी झाली. मक्तेदारीच्या खटल्यात सरकारशी झालेल्या १९५६ च्या तडजोडीने तर बेलला आपली जुनी पेटंटं अमेरिकी कंपन्यांना विनामूल्य वापरू द्यावी लागली. रेडिओ, संगणक, मोबाइल या सगळ्यांच्या बुडाशी असलेल्या या शोधातून बेलच्या वाट्याला आलेला पैसा जगाला झालेल्या फायद्यापुढे अगदी किरकोळ आहे.

अर्थतज्ज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अर्धशतकाची आकडेमोड केली. नव्या तंत्रामुळे समाजाचा जेवढा फायदा होतो, त्यातला फक्त दोन टक्क्यांच्या आसपास भाग शोध लावणाऱ्याच्या हाती नफा म्हणून उरतो, असं त्यांना आढळलं. बाकीचं पीक शेजारी नेतात: ग्राहक, स्पर्धक, पुढच्या पिढीतले संशोधक. समाजासाठी हे चांगलंच आहे. पण खर्च करणारा मालक आपल्या वाट्याचे दोन टक्के पाहूनच हिशेब मांडतो, आणि समाजाला जेवढं संशोधन हवं असतं त्याहून कमी करतो. ही तूट भरून काढण्यासाठी सरकारकडे तीन मार्ग आहेत, आणि अमेरिकेने तिन्ही वापरले.

पहिला मार्ग पेटंटचा. अमेरिकेच्या राज्यघटनेतच संशोधकाला ठराविक मुदतीचा हक्क देण्याची तरतूद आहे. पहिलं पेटंट ३१ जुलै १७९० रोजी सॅम्युअल हॉपकिन्सला मिळालं, लाकडाच्या राखेपासून पोटॅश करण्याच्या सुधारित पद्धतीसाठी. त्यावर खुद्द अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांची सही आहे. पेटंटमुळे कुंपण होतं, पण काही वर्षांपुरतं.

दुसरा मार्ग सरकारने स्वतः पैसा घालण्याचा. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना सरकारी जमिनी देऊन त्यांच्या विक्रीतून शेतकी आणि तांत्रिक महाविद्यालयं उभी करायला लावली. १८८७ मध्ये प्रत्येक राज्यात शेतीची प्रयोगकेंद्रं आली. दुसऱ्या महायुद्धात हा ओघ महापूर झाला. युद्ध संपताना, जुलै १९४५ मध्ये, व्हॅनिव्हर बुश या अभियंत्याने अध्यक्षांना अहवाल दिला, की मूलभूत विज्ञानाला शांततेच्या काळातही सरकारनेच पोसलं पाहिजे. त्यातून १९५० मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन निघालं. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी लष्करी संशोधनाला पैसा देणारी आर्पा आणि अवकाश संशोधनाची नासा या दोन संस्था आल्या. १९६४ च्या सुमारास केंद्र सरकारचा संशोधनावरचा खर्च जीडीपीच्या जवळपास २ टक्क्यांवर पोचला होता. इंटरनेटचा पूर्वज असलेलं आर्पानेट १९६९ मध्ये याच पैशातून सुरू झालं.

तिसरा मार्ग कराचा. त्याचा गवगवा सर्वांत कमी झाला, आणि गुंतागुंत मात्र त्यातच सर्वांत जास्त आहे.

वजावट वेगळी, क्रेडिट वेगळं

पुढे जाण्याआधी एक फरक पक्का करून घेऊ, कारण वर्तमानपत्रांतही हे दोन शब्द एकमेकांत मिसळतात. वजावट उत्पन्नातून होते, क्रेडिट थेट करातून वजा होतं. आपल्याकडे १९६१ च्या आयकर कायद्यात ८० सीची गुंतवणूक उत्पन्नातून वजा व्हायची आणि ८७ एची रिबेट करातून, तसंच. कराचा दर २१ टक्के असेल तर १०० डॉलरची वजावट मिळाल्यावर कर २१ डॉलरने कमी होतो. १०० डॉलरचं क्रेडिट मिळालं तर कर पुरता १०० डॉलरने कमी होतो.

अमेरिकेत आधी वजावट आली. १९५४ पर्यंत संशोधनाचा खर्च हिशेबात कुठे बसवायचा हेच नक्की नव्हतं. यंत्र विकत घेतलं तर त्याचा घसारा धरता येतो, कारण यंत्र किती वर्षं चालेल याचा अंदाज असतो. पण प्रयोगशाळेत दोन वर्षं घालवली तर त्या ज्ञानाचं आयुष्य किती धरायचं? १९५४ च्या करसंहितेतल्या कलम १७४ ने हा गुंता सोडवला. संशोधनाचा खर्च त्याच वर्षी पूर्ण वजा करा, किंवा हवं तर पाच वर्षं किंवा अधिक काळात विभागून करा. निवड कंपनीची.

वीस वर्षांनी या कलमावर एक छान खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. एडविन स्नो याने कचरा जाळण्याचं एक यंत्र विकसित करणाऱ्या भागीदारीत पैसे घातले होते. यंत्राची विक्री अजून सुरू झालेली नव्हती. करखातं म्हणालं, धंदाच चालू नाही तर धंद्याचा खर्च कसला? १९७४ मध्ये न्यायालयाने स्नोच्या बाजूने निकाल दिला. हे कलम जुन्या मोठ्या कंपन्यांसाठी आहे तसंच नव्याने उतरू पाहणाऱ्यांसाठीही आहे, हा त्यामागचा विचार. आजची स्टार्टअप मंडळी ज्या तत्त्वावर उभी आहेत ते एका कचरा जाळणाऱ्या यंत्रामुळे पक्कं झालं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

क्रेडिट मात्र १९८१ मध्ये आलं. सत्तरचं दशक अमेरिकेला जड गेलं होतं. महागाई आणि मंदी एकत्र आली होती, उत्पादकता मंदावली होती, जपानी गाड्या आणि टीव्ही बाजार काबीज करत होते. केंद्र सरकारचा संशोधनखर्चही साठच्या दशकातल्या उंचीवरून घसरला होता. १३ ऑगस्ट १९८१ रोजी अध्यक्ष रेगन यांनी कॅलिफोर्नियातल्या आपल्या रँचवर मोठ्या करकपातीच्या कायद्यावर सही केली. त्यातच हे संशोधन-क्रेडिट होतं: २५ टक्के, पण फक्त वाढीव खर्चावर. कंपनीचा यंदाचा खर्च मागच्या तीन वर्षांच्या सरासरीपेक्षा जेवढा जास्त, तेवढ्याच रकमेवर.

विचार बरोबर होता. कंपनी जे तसंही करणारच होती त्यासाठी सरकारने पैसे का द्यावेत? जास्तीचं केलं तर द्यावेत. पण गणित चुकलं. कसं ते एका उदाहरणाने पाहू.

एक कंपनी दरवर्षी ९० लाख डॉलर संशोधनावर खर्च करते. यंदा तिने ३० लाख जास्त घातले, एकूण १२० लाख. वाढ ३० लाखांची, तिचे २५ टक्के म्हणजे साडेसात लाखांचं क्रेडिट मिळालं. पण यंदाचे ते ३० लाख आता पुढच्या तीनही वर्षांच्या सरासरीत शिरले. दरवर्षी सरासरी १० लाखांनी उंचावली. म्हणजे पुढेही कंपनीचा खर्च सरासरीच्या वर राहिला, तर दरवर्षी तिला १० लाखांच्या २५ टक्के, म्हणजे अडीच लाखांचं क्रेडिट कमी मिळणार. तीन वर्षांत अडीच गुणिले तीन, साडेसात लाख! यंदा दिलेलं पुढच्या तीन वर्षांत सगळं परत गेलं. कंपनीच्या हाती उरलं ते काही काळ पैसे वापरायला मिळाल्याचं व्याज. कागदावर २५ टक्के दिसणारी सवलत प्रत्यक्षात काही टक्क्यांचीच होती.

हे अर्थतज्ज्ञांनी लवकरच दाखवून दिलं, पण कायदा बदलायला १९८९ उजाडलं. तोवर दर २० टक्क्यांवर आणला होता. नव्या पद्धतीत आधाररेषा, म्हणजे जिच्या वरच्या खर्चावरच क्रेडिट मिळतं ती रक्कम, कंपनीच्या स्वतःच्या अलीकडच्या खर्चापासून तोडली. १९८४ ते १९८८ या काळात विक्रीच्या किती टक्के रक्कम संशोधनावर गेली ते काढायचं आणि तो टक्का कायमचा धरायचा. एक दोष गेला, दुसरा आला. दोन-तीन दशकांनंतरही जुन्या कंपन्यांना आपला हक्क सिद्ध करायला ऐंशीच्या दशकातली दप्तरं शोधावी लागत होती. २००६ मध्ये एक सोपा पर्याय दिला गेला: मागच्या तीन वर्षांच्या सरासरीच्या निम्म्याच्या वर जेवढा खर्च, त्यावर सुरुवातीला १२ आणि २००९ पासून १४ टक्के. इथे सरासरी परत आली, पण निम्मीच धरल्यामुळे तिचा फास सैल झाला.

चौतीस वर्षं तात्पुरतं

माझ्या मते याहून मोठी चूक दुसरीच होती. १९८१ च्या कायद्याने हे क्रेडिट १९८५ अखेरपर्यंतच दिलं. मुदत संपत आली की काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, ती वाढवायची, कधी वर्षासाठी, कधी दोन वर्षांसाठी. असं पंधराहून जास्त वेळा झालं. कधी मुदत संपून जायची आणि नंतर मागच्या तारखेपासून पुन्हा लागू व्हायची. १ जुलै १९९५ ते ३० जून १९९६ हे वर्ष तर कायमचं कोरडं गेलं. ते नंतरही भरून दिलं नाही.

कारण उघड होतं. कायमची सवलत दिली तर अंदाजपत्रकात दहा वर्षांची तूट एकदम दिसते. वर्षभराची दिली तर थोडीच. पण औषधाचा रेणू शोधण्यापासून ते दुकानात येईपर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात. पुढच्या वर्षी सवलत असेल की नाही हेच माहीत नसताना कोणता मालक तिच्या भरवशावर दहा वर्षांचा प्रकल्प हाती घेईल? जे संशोधन आधीच ठरलं होतं त्यावर तो सवलत घेईल, एवढंच. म्हणजे जे टाळण्यासाठी १९८१ ची रचना केली होती, तेच या अनिश्चिततेने घडवलं.

डिसेंबर २०१५ मध्ये अखेर क्रेडिट कायमचं झालं. त्याच कायद्याने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. नव्या कंपनीला नफाच नसतो, म्हणून कर नसतो, म्हणून क्रेडिट असून उपयोग नसतो. ५० लाख डॉलरहून कमी विक्री असलेल्या नव्या कंपन्यांना हे क्रेडिट पगारावरच्या करातून वळतं करण्याची मुभा मिळाली, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत. २०२२ च्या कायद्याने ही मर्यादा पाच लाख केली.

आता कुणाला वाटेल, गाडी रुळावर आली. पण क्रेडिट स्थिरावलं तेवढ्यात वजावट घसरली.

२०१७ मध्ये कंपनीकराचा दर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला. एवढ्या कपातीचा दहा वर्षांचा हिशेब जुळवण्यासाठी कायद्यात पुढच्या तारखेची एक तरतूद घातली गेली: २०२२ पासून संशोधनाचा खर्च त्याच वर्षी वजा करता येणार नाही, देशातला पाच वर्षांत आणि परदेशातला पंधरा वर्षांत विभागावा लागेल. सॉफ्टवेअर तयार करण्याचा खर्चही संशोधनच मानला जाईल. यातून सुमारे १२० अब्ज डॉलर जास्त महसूल दाखवता आला. तोवर काँग्रेस हे बदलेलच, असं जवळजवळ सगळे धरून चालले होते. ते बदललं नाही.

छोट्या सॉफ्टवेअर कंपनीवर याचा काय परिणाम झाला पाहा. विक्री १० लाख डॉलर, प्रोग्रामरांचे पगार १० लाख डॉलर. शिल्लक शून्य, जुन्या नियमाने करही शून्य. नव्या नियमात पाच वर्षांची विभागणी, त्यातही पहिलं वर्ष अर्धंच धरायचं. म्हणून पहिल्या वर्षी वजावट फक्त १ लाखाची. कागदावर नफा ९ लाख, त्यावर २१ टक्के दराने कर १ लाख ८९ हजार डॉलर. तिजोरीत एक डॉलर नसताना! वजावट पुढच्या वर्षांत मिळणार हे खरं, पण तोवर तग धरायचा कसा? अनेक लहान मालकांना कर भरायला कर्ज काढावं लागलं. १९५४ मध्ये ज्या गोष्टीसाठी कलम १७४ आणलं, तेच कलम वापरून ती गोष्ट मोडली गेली. कोणालाही संशोधन कमी व्हावं असं वाटत नव्हतं. फक्त एका वर्षी बेरीज जुळवायची होती. याचाच मला अधिक त्रास होतो.

जानेवारी २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३५७ विरुद्ध ७० मतांनी दुरुस्ती मंजूर केली, पण ऑगस्टमध्ये ती सिनेटमध्ये अडली. अखेर ४ जुलै २०२५ च्या कायद्याने देशांतर्गत संशोधनाची पूर्ण वजावट २०२५ पासून परत आणली. सरासरी विक्री ३ कोटी १० लाख डॉलरपर्यंत असलेल्या कंपन्यांना २०२२ ते २०२४ ची विवरणं सुधारून जादा भरलेला कर परत मागण्याची मुभा मिळाली. इतरांना उरलेली वजावट एक किंवा दोन वर्षांत घेण्याची.

काय धरतात, काय नाही

क्रेडिटसाठी कायद्याची चाळणी चार पदरी आहे. काम नवं किंवा सुधारित उत्पादन, प्रक्रिया वा सॉफ्टवेअर यासाठी हवं. ते भौतिक, जैविक, अभियांत्रिकी किंवा संगणकाच्या शास्त्रावर आधारलेलं हवं. सुरुवातीला खरोखर काही अनिश्चित हवं, होईल का, कसं होईल, रचना कशी असेल. आणि ती अनिश्चितता पर्याय तपासत तपासत दूर केलेली हवी. प्रयोग फसला तरी क्रेडिट मिळतं. यशाची अट नाही, आणि हे अगदी योग्य आहे. समाजशास्त्र, कला, बाजारपेठेची पाहणी, दुसऱ्याच्या वस्तूची नक्कल, व्यापारी उत्पादन सुरू झाल्यानंतरचं काम हे सगळं वगळलेलं आहे. खर्चात सर्वांत मोठा वाटा पगारांचा असतो. सीमर मिलिंगची गाडी अडली ती चौथ्या पदरात.

एवढं करून उपयोग होतो का? अनेक अभ्यासांचा सर्वसाधारण कौल असा, की सरकारने सोडलेल्या एका डॉलर करामागे कंपन्या कालांतराने साधारण एक डॉलर जास्त संशोधन करतात. म्हणजे सवलत वाया जात नाही. पण कोणत्या प्रकारचं संशोधन, हे ती ठरवू शकत नाही. क्रेडिट मालकाच्या निवडीमागून चालतं, आणि मालक बाजाराजवळचं निवडतो. ज्यातून पंचवीस वर्षांत काही निघेल की नाही हेही सांगता येत नाही, ते काम करसवलतीने उभं राहत नाही. गूगलचे संस्थापक स्टॅनफर्डमध्ये शिकत असताना ज्या डिजिटल ग्रंथालय प्रकल्पातून त्यांचं शोधयंत्र निघालं, त्याला नॅशनल सायन्स फाउंडेशनचा पैसा होता. साठच्या दशकात देशातल्या संशोधनखर्चाचा जवळपास दोन तृतीयांश वाटा केंद्र सरकारचा होता. आज सुमारे तीन चतुर्थांश वाटा उद्योगांचा आहे, आणि केंद्राचा खर्च जीडीपीच्या एका टक्क्याच्याही खाली आला आहे. करसवलतीने उद्योगांचा वाटा वाढायला मदत झाली असेल. पण सरकारने काढून घेतलेला हात ती भरून काढू शकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिली पुण्याची गोष्ट. क्रेडिट पहिल्यापासून अमेरिकेच्या भूमीवर केलेल्या कामालाच मिळतं. वजावटीत मात्र १९५४ पासून असा भेद नव्हता. हिंजवडीतल्या किंवा खराडीतल्या टीमने अमेरिकी कंपनीसाठी लिहिलेला प्रोग्राम आणि टेक्ससमध्ये लिहिलेला प्रोग्राम, दोन्ही त्याच वर्षी वजा होत. २०२२ पासून तसं राहिलं नाही, आणि २०२५ च्या कायद्याने देशातला खर्च सोडवला तरी परदेशातला पंधरा वर्षांतच अडकवून ठेवला. अमेरिकी कंपनीने तिथल्या माणसाला दिलेला पगार आज लगेच वजा होतो. पुण्यातल्या कामाचा खर्च तिने स्वतःच्या संशोधनाचा म्हणून दाखवला, तर पहिल्या वर्षी त्याचा तिसावा हिस्साच वजा होतो, आणि उरलेला पुढे दीड दशक थोडा थोडा. आपल्याकडचे पगार कमी असल्याने काम इथे देणं अजूनही परवडतं. पण त्या टीमचा आकार ठरवताना अमेरिकेतला हिशेबनीस आता हा आकडाही मांडतो.